एका वाटीचे जेवण

शोभाताई काळे जिल्हा पानाच्या प्रमुख उपसंपादक होत्या आणि बातमीबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी पोटाचीच भाषा असे. कन्नड, वैजापूर, सिल्लोड इथल्या वार्ताहरांच्या बातम्या संध्याकाळी येत. बहुतेक लांबलेल्या असत. शोभाताई पहिला परिच्छेद वाचून निकाल देत. "हिचं पोट सुटलंय." किंवा, "हिला लंघन द्या जरा." पुढाऱ्याच्या भाषणाची बातमी असली तर म्हणत, "ही नुसती वाऱ्यानं फुगलीय." मग निम्मी बातमी जाई, आणि उरलेली निम्मी आधीपेक्षा नीट कळे.

हे बोलणाऱ्या बाईंचे स्वतःचे वजन तेव्हा सव्वाशे किलोच्या पुढे होते. ते दुसऱ्या कुणी दाखवून देण्याआधी त्या स्वतःच दाखवत. "रिक्षावाले मला बघून मीटर नाय बघत, टायर बघतात," असे त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. त्यामुळे त्यांच्यावर विनोद करायला कुणाला जागा उरत नसे. कार्यालयातली लिफ्ट लहान होती. त्या आत शिरल्या की बाकीचे बाहेर थांबत आणि म्हणत, "तुम्ही व्हा पुढं ताई, आम्ही जिन्यानं येतो. तेवढाच व्यायाम."

"व्हय व्हय," त्या म्हणत. "माझ्यामुळं समद्या हापिसची तब्येत सुधारली."

त्यांचे माहेर सिल्लोड तालुक्यातले. लग्न लवकर झाले, मूल झाले नाही, नवऱ्याने दुसरी बायको केली. शोभाताई परत आल्या, शिकल्या, शहरात नोकरीला लागल्या आणि गारखेड्यात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहू लागल्या. एवढी माहिती त्यांनी एकदा एका वाक्यात दिली होती. त्यात पुढे कधी भर पडली नाही.

खाण्यात त्यांचा जोडीदार म्हणजे छायाचित्रकार रफिकभाई. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागलेले. रफिकभाईंच्या घरून नान आणि मटणाचा खलिया येई, शोभाताईंच्या डब्यात धपाटे आणि येसराची आमटी असे. दोघे आधी एकमेकांचा डबा संपवत, मग आपापला. जेवताना शोभाताई फारसे बोलत नसत. बोलल्याच तर चवीबद्दल. "रफिकभाई, आज भाभीचं ध्यान नव्हतं. मसाला कच्चा राहिलाय."

"ताई, तिला सांगू नका. मला उपाशी ठेवंल ती."

शस्त्रक्रियेचा विषय निघाला तो डोळ्यामुळे. बरीच वर्षे चढलेल्या साखरेने डोळ्याच्या आतला पडदा खराब होत आला होता. उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत. डॉक्टरांनी सांगितले की वजन उतरले तर साखर उतरेल, साखर उतरली तर डोळे राहतील. शोभाताईंनी रजेचा अर्ज दिला तेव्हा कुणीतरी म्हणाले, "आता ताई हिरॉइन होणार." त्या म्हणाल्या, "मला बारीक नाय व्हायचं. मला वाचायचंय."

जठराचा थोडासा भाग ठेवून त्याला आतडे जोडतात, अशी ती शस्त्रक्रिया होती. त्यानंतर पोटात एका वेळी वाटीभर अन्न मावते, सुरुवातीला तेवढेही नाही. शस्त्रक्रिया नीट झाली. पुढे जे झाले त्यात डॉक्टरांचा दोष नव्हता. खरे तर तो कुणाचाच नव्हता, आणि म्हणून सांगायला अवघड आहे.

आजारपणात लक्ष द्यायला गावाहून त्यांची आई आली. तिला सगळे मायच म्हणत. बुटकी, काटक, नऊवारी नेसणारी बाई. येताना तिने गोणीत डिंक, खारीक, खोबरे, अळीव, गूळ आणि घरचे तूप आणले होते. शिवाय एक शेगडी. आम्ही, म्हणजे रफिकभाई आणि जिल्हा पानावर ताईंच्या हाताखाली काम करणारा मी, भेटायला गेलो तेव्हा घरात ओव्याचा धूर कोंडला होता. शोभाताई कानाला फडके बांधून पलंगावर बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू दाबल्याचा भाव होता.

"काय चाललंय हे?" रफिकभाईंनी विचारले.

"माझं बाळंतपण," शोभाताई म्हणाल्या.

माय शेगडीवरून म्हणाली, "हसाया काय झालं? पोट फाडलं म्हंजे फाडलं. बाईचं पोट फाडलं की सव्वा महिना जपायचं असतंय. माझ्या हातनं हिचं बाळंतपण राहिलंच व्हतं."

शोभाताईंचे हसू गेले.

रुग्णालयाने पहिले काही आठवडे फक्त पातळ आहार सांगितला होता. डाळीचे पाणी, ताक, प्रथिनांची पावडर. मायला त्यातला 'पातळ' हा शब्द पटला. बाळंतिणीलाही पातळच देतात. तिने अळिवाची खीर केली होती, गूळ घालून, तूप सोडून, अगदी सरबरीत. "पातळच सांगितलंय ना दाक्तरनी? हे बघ, कशी पाण्यावानी केलीय." शोभाताईंनी आमच्यादेखत अर्धी वाटी घेतली. आईला नाही म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. खीर घशाखाली सहज उतरली, डाळीच्या पाण्यापेक्षाही सहज.

थोड्या वेळात त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. ज्या घरात मधुमेही माणूस असतो तिथे ही लक्षणे सर्वांना पाठ असतात. माय म्हणाली, "साखर उतरली!" आणि तिने गुळाचे पाणी पाजले. क्षणभर बरे वाटले. मग पुन्हा घाम, आधीपेक्षा जास्त. माय पुन्हा गुळाच्या पाण्याकडे वळली. रफिकभाईंनी तिच्या हातातला पेला धरला आणि दुसऱ्या हाताने रुग्णालयाला फोन लावला.

फोनवर आहारतज्ज्ञ होत्या, तरुण मुलगी. आता जठरात अन्न थांबत नाही, म्हणून गोड पातळ पदार्थ थेट आतड्यात उतरतो, साखर एकदम चढते आणि तितक्याच जोरात कोसळते, असे त्यांनी सांगितले. गूळ पाजाल तर हेच पुन्हा पुन्हा होईल. शेवटी त्या म्हणाल्या, "पेशंटला खीर कोणी दिली?" फोन स्पीकरवर होता. माय ते ऐकून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही निघताना ती ओट्याशी पातेले धरून उभी होती. "माझ्याच हातानं," एवढेच म्हणाली. दोन दिवसांनी ती शेगडी घेऊन गावी परतली. गोणी तिथेच राहिली.

त्यानंतरचा काळ शोभाताईंचा सर्वांत शिस्तीचा. वजन उतरत गेले. केस गळले, गाल ओघळले, दंडाची कातडी लोंबू लागली. त्या म्हणत, "घर लहान झालं, पण चादर तीच राहिली." साखरेच्या गोळ्या एकेक करून बंद झाल्या. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, बिघाड थांबला आहे. त्या पुन्हा भिंगाशिवाय पान वाचू लागल्या.

त्यांचे जेवण बघण्यासारखे असे. डब्यातून एक वाटी निघे. आधी डाळ, अंडे किंवा पनीर; मग भाजी; जागा उरलीच तर भाकरीचा कुटका. प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवत. जेवताना पाणी नाही. चावताना त्या समोरच्या भिंतीकडे बघत, जणू तिथे काही लिहिले आहे. बोलायला गेले तर हाताने थांबवत. एकदा वाटी पुसून ठेवत त्या म्हणाल्या, "जेवण लई लवकर संपतं रे. मग बाकीचे जेवत असतात तेव्हा करायचं काय, हे कुणी नाय सांगत."

लोकांना वाटे की शस्त्रक्रियेने भूक कापून टाकली. तसे नव्हते. नानचा वास आला की त्या जागेवरून उठत आणि जिन्यात जाऊन उभ्या राहत. रफिकभाईंनी कार्यालयात डबा आणणे बंद केले तेव्हा त्या त्यांच्यावर चिडल्या. "माझ्यापायी तुमी उपास करू नका. मला काय झालंय? मी मेले नाय."

लग्नाकार्यात आग्रहाचा प्रश्न येई. नको म्हणणारा माणूस आपल्याकडे एक तर आजारी असतो नाही तर रुसलेला. शोभाताईंनी त्यावर उपाय शोधला. मांडवात गेल्या की त्या सरळ वाढप्याच्या हातातले भांडे घेत आणि पंगतीत वाढत फिरत. वाढणाऱ्या बाईला कुणी जेवलीस का विचारत नाही. रफिकभाईंच्या मुलीच्या लग्नातही त्यांनी असेच केले, पण भाभींनी पकडले. "आपा, मेरी बेटी की शादी और आप भूकी?" शोभाताई मुकाट बसल्या. खलियातला मांसाचा एक तुकडा घेतला, रस्सा निथळून. तो त्यांनी इतका वेळ चावला की शेजारची बाई उठून गेली, दुसरी येऊन बसली, तीही जेवून उठली. "मसाला?" रफिकभाईंनी विचारले. त्या म्हणाल्या, "आज ध्यान व्हतं भाभीचं." मग पदराने डोळे टिपले. तिखट लागले असेल, असे रफिकभाई म्हणाले. खलिया तिखट नव्हता.

अशी दोन-अडीच वर्षे गेली. मग गावाहून त्यांचा धाकटा भाऊ अंकुश मायला घेऊन आला.

माय विसरू लागली होती. आधी चुलीवरचे दूध, मग शेजारणींची नावे, मग घराची वाट. अंकुशच्या बायकोचे म्हणणे, म्हातारी जेवत नाही आणि गावात सुनेचे नाव खराब होते. अंकुश म्हणाला, "ताई, तुझ्यापाशी शहरात दवाखाने हायेत." डॉक्टरांनी तपासून स्मृतिभ्रंश असल्याचे सांगितले. औषधाने फार तर वेग कमी होईल, असेही सांगितले.

जेवत का नाही, याचे उत्तर डॉक्टरांकडे नव्हते. ते शोभाताईंना पहिल्याच दिवशी मिळाले. त्यांनी ताट पुढे ठेवले तेव्हा माय म्हणाली, "तू जेवलीस?"

"जेवले."

"कवा? मी नाय बघितलं."

माय जन्मभर सगळ्यांच्या शेवटी जेवली होती. लेकरू जेवल्याशिवाय आईने तोंडात घास घालायचा नाही, हा तिच्या घरातला नियम होता. कुणी सांगितलेला नव्हता, पण मोडलेलाही नव्हता. बाकी सगळे डोक्यातून निघून गेले आणि हा नियम तेवढा राहिला. लेकरू जेवताना डोळ्यांना दिसले पाहिजे. दिसले की ती जेवे. पण पाचव्या मिनिटाला ते दिसल्याचे विसरे आणि हात आखडून घेई. "आधी तू."

शोभाताईंनी सगळे करून बघितले. रिकाम्या तोंडाने चावण्याचे नाटक केले. माय त्यांच्या गळ्याकडे बघे. "गिळ. गिळलं नाय तू." स्वतःची अंड्याची वाटी घेऊन समोर बसल्या. माय म्हणाली, "हे जेवण हाय व्हय? हे औषध हाय. भाकर खा." सांभाळायला बाई ठेवली. तिच्यासमोर माय दोन दिवस उपाशी राहिली, कारण ती बाई लेकरू नव्हती. शेवटी अंकुशला रोज व्हिडिओ कॉल करून जेवायला लावले. तो गावाकडे ओट्यावर ताट घेऊन बसे आणि मोठ्याने म्हणे, "माय, हे बघ, खातोय." माय फोनकडे समाधानाने बघे. मग मान वळवून म्हणे, "तो जेवला. आता तू."

तेव्हापासून शोभाताई जेवू लागल्या. मायला एक घास, आपल्याला एक. मायला जे गिळता येई तेच दोघींना: दूध-भाकरीचा काला, गूळ-तूप-पोळी कुस्करलेली, साखरभात. मऊ, गोड, न चावता उतरणारे. एका वेळी पोटात जास्त मावत नसे हे खरे, पण शोभाताई घरी असतील तितका वेळ माय थोडे थोडे खाई, आणि प्रत्येक वेळी लेकरू आधी. सुरुवातीला घाम येई, हात थरथरत. मायला दिसू नये म्हणून त्या भिंतीला टेकून बसत. नंतर नंतर शरीराला तेही सवयीचे झाले.

आहारतज्ज्ञ मुलीने एकदा घरी येऊन सगळे बघितले. ती प्रामाणिक होती. म्हणाली, "मॅडम, नळी लावून आजींना अन्न देता येईल. तुम्हाला खायची गरज नाही."

शोभाताईंनी विचारले, "हात बांधावे लागतात ना? नळी उपटू नये म्हणून?"

मुलगी म्हणाली, "कधी कधी."

"मग राहू द्या."

वजन परत आले. साखर आली, आता गोळ्यांऐवजी इंजेक्शन. उजवा डोळा आधी गेला. संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे त्या मोठी करून करून वाचत, शेवटी एका ओळीत तीन-चारच शब्द मावू लागले. कार्यालयाने काही म्हटले नाही. त्यांनीच राजीनामा दिला. त्या दिवशी वैजापूरची एक बातमी मी वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "तिसरा परिच्छेद वर घे. बाकी काप." नंतर मला कळले की ती बातमी तोपर्यंत दुसऱ्या कुणीतरी पानात लावूनही टाकली होती.

डॉक्टरांनी पुन्हा जठराच्या शस्त्रक्रियेचा पर्याय सुचवला होता. जोखीम होती, पण डावा डोळा वाचण्याची शक्यता होती. रुग्णालयात राहणे आणि मग पुन्हा काही आठवडे पातळ आहार. शोभाताईंनी विचारले, "तवर माय कशी जेवंल?" डॉक्टर म्हणाले, तुमचा भाऊ आहे ना. शोभाताई हसल्या. ते हसू डॉक्टरांना कळले नसावे.

रफिकभाई आठवड्यातून एकदा दुपारी जाऊन त्यांना जिल्हा पान वाचून दाखवत. कधी मी बरोबर असे. एकदा माय झोपली होती, तेव्हा शोभाताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "रफिकभाई, अंकुशला आता ती ओळखत नाय. फोनवर बघून म्हणती, हा कोण पाव्हणा. मलाबी एक दिवस विसरंल." मायकडे तोंड वळवून म्हणाल्या, "मग मी लेकरू राहणार नाय. सुटेन, असं मनात येतं. आलं की स्वतःच्या थोबाडीत मारावी वाटती."

"तौबा करो ताई," रफिकभाई म्हणाले. मग त्यांनी बाजारभाव वाचायला घेतले. सिल्लोडला मका उतरला होता.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिले. आम्ही पोहोचलो तेव्हा मायची दुपारची वेळ चालू होती. शोभाताई जमिनीवर बसल्या होत्या. एवढा देह खाली बसवायला आणि उठवायला आता शेजारीण मदतीला येत असे. पायाला जखम होती, तिला पट्टी होती. समोर ताट, ताटात काला. माय पलंगाला टेकून बसली होती आणि त्यांच्याकडे अनोळखी नजरेने बघत होती.

"ही बाई कोण हाय?" तिने रफिकभाईंना विचारले.

"मी शोभा, माय," शोभाताई म्हणाल्या.

"शोभा शाळंत गेलीय."

रफिकभाईंनी माझ्याकडे बघितले. ज्या दिवसाबद्दल त्या बोलल्या होत्या तो दिवस आला होता, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत होते. शोभाताईंनी घास उचलून मायच्या तोंडाशी नेला. हात स्थिर होता. "खा, आजी," त्या म्हणाल्या. आईला त्यांनी पहिल्यांदाच आजी म्हटले असेल.

मायने तोंड बाजूला केले. ती समोरच्या त्या प्रचंड बाईकडे, तिच्या सुजलेल्या पायांकडे, पट्टीकडे बघत राहिली. मग आमच्यावर खेकसली. "काय माणसं हायेत का कोण तुमी? कुणाची तरी लेक असंल ती. बघा की, किती खंगलीय. आधी तिला वाढा."

आणि तिने स्वतः ताटात हात घातला, काल्याचा घास केला आणि पुढे धरला. शोभाताईंना तो हात नीट दिसला नाही. घास त्यांच्या गालाला लागला. त्यांनी मान वळवली आणि तोंड उघडले.